नोटीस नेमकी पोचली कधी?

मार्च २०२३ मध्ये मामांच्या ऑफिसातून एक तक्रार तीन दिवस उशिरा दाखल झाली. चेक बाउन्सची, म्हणजे वकिलांच्या बोलीत 'एकशे अडतीस'ची. चूक कुठे झाली हे शोधायला वेळ लागला नाही, कारण ती एका एक्सेल शीटच्या एका खान्यात होती आणि ते शीट मी करून दिलेलं होतं.

मी वकील नाही. नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. मामांचं ऑफिस सिव्हिल लाइन्समध्ये, जिल्हा न्यायालयापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर. त्यांचे बरेच पक्षकार इतवारी, गांधीबाग, कळमन्याकडचे ठोक व्यापारी. माल उधारीवर विदर्भभर जातो, बदल्यात पुढच्या तारखेचे चेक येतात आणि त्यांतले काही बँकेतून परत येतात. त्यामुळे एकशे अडतीसच्या फायलींचा एक स्वतंत्र रॅक तिथे आहे आणि तो मुन्शीजींच्या ताब्यात आहे. वकिलाच्या कारकुनाला आमच्याकडे मुन्शी म्हणतात. हे मुन्शीजी तीस वर्षांपासून तारखा बोटांवर मोजत आलेत. त्यांचे कष्ट वाचावेत म्हणून मी ते शीट केलं होतं.

(पुढे जे सांगते आहे त्यात पक्षकारांची नावं, गावं आणि रकमा मुद्दाम गाळल्या आहेत.)

कायद्याची साखळी वरवर अगदी संगणकाला आवडावी अशी आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम १३८ आणि १४२ एकत्र वाचलं की चार कड्या दिसतात. चेक त्याच्या वैधतेत बँकेत टाकायचा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०१२ पासून ही वैधता तीन महिन्यांची झाली. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत चेक देणाऱ्याने पैसे दिले नाहीत, तर तक्रारीला कारण घडलं. आणि कारण घडल्यापासून एक महिन्याच्या आत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार.

३० दिवस, १५ दिवस, एक महिना. मी तिन्हीकडे बेरीज केली होती: अधिक ३०, अधिक १५, अधिक ३०.

कायद्यात मात्र एका कडीत '३० दिवस' आहेत आणि दुसरीत 'एक महिना'. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या व्याख्येप्रमाणे महिना म्हणजे ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे मोजलेला महिना. १० तारखेला सुरू झाला तर पुढच्या १० तारखेला संपला, मधे दिवस २८ असोत की ३१. आमच्या त्या फायलीत नोटीस २५ जानेवारी २०२३ ला मिळाली होती. पंधरावा दिवस ९ फेब्रुवारी, कारण घडलं १० फेब्रुवारीला, मुदत संपणार १० मार्चला, शुक्रवारी. माझ्या शीटने फेब्रुवारीत ३० दिवस मिळवून १२ मार्च दाखवली. तो रविवार. मग शीटनेच शहाणपणा करून सोमवार, १३ मार्च लिहून दिली. मुन्शीजी त्या दिवशी बरोब्बर हजर झाले.

२००३ पासून लागू असलेल्या दुरुस्तीमुळे उशिराचं पुरेसं कारण दाखवलं तर न्यायालय तक्रार दाखल करून घेऊ शकतं. विलंब माफीचा अर्ज झाला. पण त्या अर्जात 'पुरेसं कारण' म्हणून 'भाचीचं एक्सेल' लिहिताना मामांचा चेहरा कसा होता ते मी विसरलेले नाही.

म्हणून मी ठरवलं की आता नीट करायचं.

पहिला प्रयत्न माझा नव्हता. मामांकडच्या एका ज्युनिअरने तोवर फायलीतला मजकूर एका चॅटबॉटला देऊन बघितला होता. उत्तर छान मराठीत आलं, घोटीव. त्यातही महिना ३० दिवसांचाच होता आणि आधाराला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल दिलेला होता, जो आम्हाला कुठल्याही संग्रहात सापडला नाही. जून २०२३ मध्येच न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने 'माता विरुद्ध एव्हियान्का' प्रकरणात वकिलांना अशाच बनावट निकालांसाठी पाच हजार डॉलरचा दंड केला होता, तेव्हा मामांना ही गोष्ट नवी वाटली नाही. ते एवढंच म्हणाले, "मुन्शीजी चुकले तर कोणत्या पायरीवर चुकले हे विचारता येतं. याला काय विचारू?"

मला त्या वाक्यात कामाची अट मिळाली. प्रोग्राम प्रत्येक तारखेबरोबर ती कशी आली हे सांगेल: कोणतं कलम, कोणता निकाल, फायलीतलं कितवं पान. हा रस्ता माझ्याआधी पुष्कळांनी चाललेला आहे. १९८६ मध्ये लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधल्या मरेक सर्गॉट, रॉबर्ट कोवाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा प्रोलॉग या भाषेत नियमांच्या रूपात लिहून काढला. कलम म्हणजे 'अमुक असेल आणि तमुक असेल तर ढमुक' अशी वाक्यं, आणि यंत्र ती उलट्या बाजूने तपासत जाणार: ढमुक हवं ना, मग अमुक आहे का? मीही प्रोलॉगच घेतलं. पायथनमध्येही झालं असतं. पण नियम वाचताना मामांना कळायला हवेत आणि प्रोलॉगचा नियम थोडी सवय झाली की कायद्याच्या पोटकलमासारखा वाचता येतो.

दोन महिने संध्याकाळी आठ ते दहा बसलो. मी टाइप करणार, मामा चष्म्यावरून बघणार, मुन्शीजी चहा सांगून मधेच म्हणणार, "ताई, असं नाही होत जी कोर्टात."

तेव्हा कळलं की कायद्याचं पुस्तक जसंच्या तसं उतरवलं तर प्रोग्राम बरोबर वाचतो आणि चूक सांगतो. कलम १३८ मध्ये चेक परत येण्याची दोनच कारणं लिहिली आहेत: खात्यात पैसे अपुरे, किंवा बँकेशी ठरलेल्या मर्यादेपेक्षा रक्कम जास्त. मी तेवढीच दोन लिहिली. मुन्शीजींनी पहिलीच फाइल टाकली, तिच्या रिटर्न मेमोवर, म्हणजे परत आलेल्या चेकबरोबरच्या बँकेच्या चिठ्ठीवर, 'खाते बंद' असा शेरा. प्रोग्राम म्हणाला, गुन्हा होत नाही. मामा हसले. १९९९ मध्येच एनईपीसी मायकॉन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की खातं बंद करून ठेवणं हेही अपुऱ्या पैशातच मोडतं; २०१२ मध्ये लक्ष्मी डायकेमच्या निकालात सही न जुळण्याचीही तीच गत झाली. कलमाचा शब्द बदलला नाही, पण नियम मात्र केव्हाच रुंदावला होता. म्हणजे मला कलमं नव्हे, कलमं अधिक निकाल असा कायदा लिहायचा होता, आणि निकालांची यादी कुठे थांबते हे ठरवणारा माणूस मामाच होते. ही गोष्ट प्रोग्रामच्या पहिल्या पानावर आम्ही लिहून ठेवली आहे, कारण पुढे कोणी हा 'कायदा' समजून वापरला तर पंचाईत.

एकेका शब्दावर किती अडावं लागतं याचा नमुना सांगते. महिना मोजताना कारण घडल्याचा दिवस धरायचा की सोडायचा? इंग्रजी कायद्यात 'पासून'साठी दोन ठिकाणी दोन वेगळी शब्दयोगी अव्ययं आहेत आणि त्यावरून १९९९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल दोन दिशांना गेले: साकेत इंडियात पहिला दिवस सोडला, सिल इम्पोर्टमध्ये सोडला नाही. २०१३ मध्ये इकॉन अंत्री प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने साकेतचं मोजमाप बरोबर ठरवलं. तोपर्यंतची चौदा वर्षं वकील काय करत होते, असं मी विचारलं. "शेवटचा दिवस येऊच द्यायचा नाही," मुन्शीजी म्हणाले.

दुसरी अडचण काळाची. नियमाला जन्मतारीख असते, कधी मृत्युतारीखही. तक्रार कोणत्या गावच्या कोर्टात करायची, हा प्रश्न घ्या. दशरथ रूपसिंग राठोड हे नाव एकशे अडतीस करणाऱ्या प्रत्येक वकिलाला पाठ असतं आणि ते प्रकरण आमच्याच भागातलं: चेक भंडाऱ्याच्या बँकेवरचा, तक्रार यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या कोर्टात, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिग्रसला अधिकार नाही म्हटलं. १ ऑगस्ट २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं: चेक ज्या बँकेवर काढला आणि जिथे नाकारला गेला, तिथलंच कोर्ट. देशभर फायली गावोगाव परत निघाल्या. मग संसदेने १५ जून २०१५ पासून लागू होणारी दुरुस्ती केली आणि आता चेक खात्यात जमा केला असेल तर घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट. व्यापाऱ्याला हायसं वाटलं. नागपूरची केस नागपुरात. पण प्रोग्रामला मात्र 'आजचा नियम' एवढं पुरत नाही. प्रत्येक नियमाला 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' अशी दोन टोकं जोडावी लागली.

कोविडच्या वेळचं तर विचारूच नका. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतींतून वगळला गेला, त्यात कलम १३८ च्या नोटिशीचे ३० दिवस आणि पैसे देण्याचे १५ दिवसही नाव घेऊन आहेत. मी ते अक्षरशः लिहिलं. मग एप्रिल २०२० मध्ये नोटीस मिळालेल्या एका दुकानदाराला प्रोग्रामने पैसे द्यायला मार्च २०२२ च्या मध्यापर्यंत वेळ दिला. मामा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. "अक्षरं असंच म्हणतात," ते म्हणाले, "आणि आपल्या पक्षकारासमोर हे वाचून दाखवायची माझी हिंमत नाही." त्या नियमाच्या कडेला आम्ही लाल खूण ठेवली: इथे माणसाला विचारा.

आता ज्या फायलीसाठी हे सगळं सांगते आहे ती.

२०२४ चा मार्च. ठोक व्यापाऱ्याला रिटर्न मेमो ४ मार्चला मिळाला. मामांनी २६ मार्चला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, आरपीएडीने, म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने, दोन नोटिसा पाठवल्या: एक चेक देणाऱ्याच्या दुकानाच्या पत्त्यावर, एक घरच्या. ३० दिवसांच्या आत, प्रश्न नाही. मग मुन्शीजींनी फाइल प्रोग्रामला दिली आणि प्रोग्रामने उत्तर दिलं: शेवटची तारीख १५ मे २०२४. खाली कलमं, खाली निकाल, हिरवी खूण. मला फार बरं वाटलं.

मामांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, "नोटीस मिळाल्याची तारीख ३० मार्च कोणी ठरवली?"

मुन्शीजी म्हणाले, "मीच टाकली. तारीख टाकल्याशिवाय हे समोर जाऊच नव्हतं राहिलं."

माझ्या फॉर्ममध्ये 'नोटीस मिळाल्याची तारीख' हा रकाना होता, एकच, आणि भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला हे इतकं स्वाभाविक वाटतं की यात काही निर्णय दडलेला आहे हे ध्यानातही येत नाही. फायलीत मात्र तशी तारीख नव्हतीच. होतं ते असं. दुकानाच्या लिफाफ्याची टपाल खात्याच्या ट्रॅकिंगवर ३० मार्चला 'वितरित' अशी नोंद, पण सहीची पोचपावती परत आलेली नाही. घरचा लिफाफा परत आलेला; त्यावर पोस्टमनच्या अक्षरात १ एप्रिलला 'घर बंद, सूचना दिली', आणि गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, 'न घेतल्याने परत' असा शिक्का. मुन्शीजींनी तिघांतली पहिली तारीख निवडली, कारण लवकरची तारीख धरली की उशीर होत नाही. तीस वर्षांचा अनुभव, बरोबरच.

"आणि मी या तारखेवर विसंबून १८ एप्रिलला तक्रार टाकली असती तर?" मामांनी मला विचारलं.

३० मार्च धरून १५ दिवस १४ एप्रिलला संपतात. १८ एप्रिलची तक्रार वेळेत. पण न्यायालयाने उद्या म्हटलं की दुकानात कोणाला दिलं ते सिद्ध नाही, घरचा लिफाफा १० एप्रिलला परत गेला तीच बजावणी, तर १५ दिवस २५ एप्रिलपर्यंत चालतात आणि १८ एप्रिलची तक्रार घाईची ठरते. योगेंद्र प्रताप सिंग प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की १५ दिवस पुरे होण्याआधी केलेली तक्रार कायद्याच्या नजरेत तक्रारच नाही. पुन्हा नव्याने दाखल करता येते, पण तोवर वर्षं गेलेली असतात. म्हणजे लवकरची तारीख शेवटाकडून वाचवते आणि सुरुवातीकडून बुडवते. माझा प्रोग्राम एकच टोक मोजत होता.

मग मामांनी चौथी तारीख काढली. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ प्रमाणे नीट पत्ता लिहून, टपालखर्च भरून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेला कागद, उलट सिद्ध होत नाही तोवर, टपालाच्या सर्वसाधारण क्रमात जेव्हा पोचायला हवा तेव्हा पोचला असं मानतात. त्या गावाला टपाल दोन दिवसांत जातं. म्हणजे २८ मार्च.

'उलट सिद्ध होत नाही तोवर.' हे शब्द मी आधी वाचलेले होते, दुसऱ्या देशाच्या कायद्यात. ब्रिटनच्या त्या नागरिकत्व कायद्यात बेवारस सापडलेल्या तान्ह्या बाळाचं एक पोटकलम आहे: उलट दाखवलं गेलं नाही तर ते तिथेच जन्मलं आणि योग्य आईबापांचं आहे असं धरायचं. १९८६ च्या लेखात त्या मंडळींनी ते प्रोलॉगच्या एका युक्तीने बसवलं: जे सिद्ध करता येत नाही ते नाही असं समज. हा निष्कर्ष कच्चा असतो. उद्या नवी माहिती आली की मागे घ्यावा लागतो. बाळाचे आईबाप पुढे सापडू शकतात, तसा आमचा आरोपी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन सांगू शकतो की तो त्या पंधरवड्यात गावातच नव्हता. २००७ च्या सी. सी. अलावी हाजी निकालाने त्याची वाट बरीच अरुंद केली आहे: नोटीस मिळालीच नाही म्हणणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावेत, नाहीतर त्याचं हे म्हणणं ऐकलं जाणार नाही. तरीही तारीख कोणती, हा प्रश्न उरतोच.

त्या रात्री मी तो एक रकाना काढून टाकला. त्याच्या जागी यादी आली. प्रत्येक ओळीत तारीख, ती कशावरून, पान नंबर, आणि विरुद्ध बाजू ती कशी खोडेल. प्रोग्राम आता एकेक तारीख खरी धरून पूर्ण साखळी मोजतो आणि मग सगळ्या उत्तरांत जेवढे दिवस समान आहेत तेवढेच दाखवतो. या फायलीचं असं निघालं:

२८ मार्च खरी तर तक्रारीचे दिवस १३ एप्रिल ते १३ मे.
३० मार्च खरी तर १५ एप्रिल ते १५ मे.
१ एप्रिल खरी तर १७ एप्रिल ते १७ मे.
१० एप्रिल खरी तर २६ एप्रिल ते २६ मे. तो रविवार, म्हणून २७ मे.

चारांतली कोणतीही खरी ठरली तरी चालेल असे दिवस: २६ एप्रिल ते १३ मे. अठरा दिवस.

इथे आणखी एक चूक सापडली, तीही माझीच. ३० मार्चच्या साखळीत पंधरावा दिवस १४ एप्रिल, रविवार आणि आंबेडकर जयंती. नव्याने लिहिलेल्या प्रोग्रामने तो सुटीचा म्हणून आधी पुढे सरकवला होता; वरच्या तारखा ती चूक काढल्यानंतरच्या. मामा म्हणाले, "सुटीची सवलत कोर्टात नाहीतर कार्यालयात करायच्या कामाला आहे. जनरल क्लॉजेसचं कलम १० वाच. दुकानदाराला पैसे द्यायला कोर्ट उघडं लागत नाही." म्हणजे एकच नियम साखळीच्या शेवटच्या कडीला लागतो, मधल्या कडीला नाही. हे मला स्वतःहून कधीच कळलं नसतं. मी 'तारीख' नावाचा एकच प्रकार केला होता, आणि मुदत ही तारखेची नसते, कामाची असते.

मुन्शीजींनी यादीकडे बघून म्हटलं, "हे तं मी मनातल्या मनात करतोच ना ताई. दोन्हीकून जागा सोडून मधात टाकतो." अगदी खरं आहे. मी दोन महिने खपून त्यांच्या 'मधात'ला कलमं आणि पान नंबर लावून दिले. फरक एवढाच की ते सुटीवर असले तरी ज्युनिअरला तो 'मधात'ला दिवस सापडतो, आणि चार तारखांत महिन्याहून जास्त अंतर पडलं की समान दिवस उरतच नाहीत हे यंत्र आधी ओरडून सांगतं. तसं झालं तर विलंब माफीचा अर्ज तक्रारीबरोबरच जोडायचा.

तो अर्ज प्रोग्राम लिहीत नाही. ज्युनिअरचा आग्रह होता की 'पुरेसं कारण' किती वेळा मान्य झालं याचे निकाल गोळा करून शक्यता काढू. मी तयार होते, खरं सांगायचं तर उत्सुक होते. मामांनी नको म्हटलं आणि मला तेव्हा ते जुन्या वळणाचं वाटलं. आता वाटत नाही. आजारपण, बाळंतपण, पूर, वकिलाची चूक, प्रत्येक अर्जात एक गोष्ट असते आणि निकालात त्या गोष्टीच्या चार ओळीच उरलेल्या असतात. त्या चार ओळींवरून यंत्र काय शिकेल याची मला धास्ती वाटते. सरन्यायाधीश असताना शरद बोबडे यांनी, ते आमच्या नागपूरच्याच वकिलांमधले, ६ एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाचं सुपेस हे कृत्रिम बुद्धिमत्तेचं पोर्टल सुरू केलं, तेव्हा त्यांनीही रेषा तिथेच ओढली होती: यंत्राने कागद वाचून वस्तुस्थिती गोळा करून द्यावी, निर्णयात शिरू नये. मी त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना थोडी अडखळते, कारण वस्तुस्थिती गोळा करतानाच मुन्शीजींच्या हातून एक निर्णय होऊन गेला होता आणि तो माझ्या फॉर्मने करवून घेतला होता.

तक्रार ६ मे २०२४ ला, सोमवारी दाखल झाली. अठरा दिवसांतला अकरावा दिवस. मुन्शीजी डोक्याला दुपट्टा गुंडाळून गेले आणि नंबर घेऊन आले.

पुढची गोष्ट लहान आहे. समन्स गेलं, आरोपी हजर झाला, त्याच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे नोटीस मिळालीच नसल्याचं सांगितलं. आम्ही चारही तारखांचे कागद पान नंबरसह तयार ठेवले होते. टपाल कचेरीतून दुकानाच्या वितरणाचा दाखला मागवण्याचा अर्जही लिहून ठेवला होता. तो लिफाफा कोणाच्या हातात पडला हे मला स्वतःला जाणून घ्यायचं होतं. पण दुसऱ्याच तारखेला आरोपीने तडजोड मागितली. दामोदर प्रभू प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे पहिल्या-दुसऱ्या तारखेला तडजोड केली तर आरोपीवर खर्च न लादण्याची मुभा तेव्हा होती, उशीर केला की टक्केवारी चढत जायची. त्याच्या वकिलांनी ते गणित नीट मांडलं असणार. व्यापाऱ्याला पैसे हप्त्यांनी मिळाले. फाइल निकाली निघाली.

मी त्या संध्याकाळी प्रोग्राममध्ये ती बंद करायला बसले. निकाल लागला की खरी ठरलेली तारीख निवडायची आणि बाकीच्या खोडायच्या, अशी शेवटची पायरी मी ठेवली होती. पुढच्या फायलींना उपयोगी पडावं म्हणून.

"कोणती निवडू?" मी मामांना विचारलं.

"कोणीच ठरवली नाही ना," ते म्हणाले. "तू कशी निवडतेस?"

प्रोग्राम निवडल्याशिवाय फाइल बंद करू देईना. मुन्शीजी मागे उभे राहून हसत होते. मग मी यादीत आणखी एक पर्याय घातला, 'ठरलीच नाही', आणि मुन्शीजींनी तो स्वतः दाबला.